कोल्हापूर प्रकरण : चर्चेसाठीं कांहीं प्रश्न

विद्यार्थ्यांचीं व तरुण गृहस्थांचीं चर्चामंडळें अलीकडे पुन्हां निघूं लागलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस संतोषाची वाटते. त्यांचे चालक कधीं कधीं आमच्याकडे येऊन, विवेकानें विचार करण्याची संवय लागेल असे विषय सुचवा, अशी विनंती करतात. मागील बैठकींच्या विषयांची यादी पाहिली म्हणजे मात्र थोडा विषाद होतो. 'ईश्वर आहे काय ?', 'विज्ञान हें वरदान कीं शाप ?', 'दैव श्रेष्ठ कीं प्रयत्न ?' असे ते विषय असतात. यांवर दोन तास बोलून मनुष्य जसा आला तसाच घरीं परततो. फार तर घसा बसतो. आपल्या नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. उभय पक्षांस तत्त्व जाणण्याची इच्छा असते तो वाद, केवळ जिंकण्याची इच्छा असते तो जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें खोडीत बसणें ती वितंडा. अफाट विषय घेतला कीं वादाचा जल्प होण्यास वेळ लागत नाहीं, कारण पडताळून पाहण्याजोगें तेथें कोणाच्याच हातीं कांहीं नसतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यांतील आरोप, पुरावा, निवाडा आणि परिणाम हीं चारही समोर ठेवतां येतील असें एकच जुनें प्रकरण घ्यावें व त्यावर प्रश्न काढावे. करवीरकरांस त्यासाठीं लांब जावयास नको. 'कोल्हापूर प्रकरण' हें नांव आपण टिळक-आगरकरांच्या चरित्रांत सर्वांनींच वाचलेलें असतें. पण वाचतों तें बहुधा त्या दोघांच्या देशभक्तीचा पहिला अध्याय म्हणून. त्याच्या पोटांत पुराव्याचा जो विलक्षण गुंता आहे तिकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें.

हकीकत थोडक्यांत अशी. इंग्लंडचा प्रवास करून परतत असतां करवीरचे राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स नगरीं मृत्यु पावले. पुढील वर्षीं एक लहान मुलगा दत्तक घेण्यांत आला. तेच चौथे शिवाजी महाराज. राज्याचा कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखालीं चाले आणि रावबहादुर महादेव वासुदेव बर्वे हे कारभारी होते. महाराज वयांत येऊं लागले तसें त्यांच्या बुद्धीस भ्रंश झाल्याचें सरकारांतून सांगण्यांत येऊं लागलें. लोकांत बोलवा उलट होती : महाराज वेडे नाहींत, त्यांस छळून वेडे करण्यांत येत आहे. अशांत खुद्द बर्वे यांच्या नांवचीं कांहीं पत्रें पुण्यांत प्रकट झालीं. त्यांवरून महाराजांविरुद्ध कारस्थान चालल्याचें दिसत होतें. १८८१ च्या जानेवारींत निघालेलीं 'केसरी' व 'मराठा' हीं वृत्तपत्रें त्या वेळीं जेमतेम एक वर्षाचीं होतीं. त्यांनीं पत्रांवर विसंबून कडक लेख लिहिले. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली ती फिर्यादीनें मान्य केली नाहीं, आणि १७ जुलै १८८२ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत दोघांस चार महिन्यांची साधी कैद सांगण्यांत आली. एकशें एक दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले.

पहिला प्रश्न येथेंच निघतो. एखादा कागद खरा मानण्यापूर्वीं किती शोध केला म्हणजे पुरे ? हे दोघे कांहीं अडाणी नव्हते. टिळकांनीं १८७९ सालीं कायद्याची पदवी घेतली होती, आगरकर एम्. ए. झालेले, मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर वाढलेले. म्हणजे एकाचें शिक्षण पुराव्याच्या कायद्याचें, दुसऱ्याचें पुराव्याच्या तत्त्वज्ञानाचें. तरीही फसगत झाली. वयें पंचविशीची होतीं असें म्हणून सुटका करून घेणें सोपें आहे, पण आम्हांस तें पटत नाहीं. पन्नाशींतले लोक याहून हलक्या कागदांस बळी पडतांना आपण पाहतोंच. खरें कारण असें दिसतें कीं, तीं पत्रें आधींच ठरलेल्या समजुतीस अगदीं बेताचीं बसत होतीं. नावडती गोष्ट सांगणारा कागद आपण उलटसुलट करून पाहतों, शाई पाहतों, तारीख पाहतों, आणणाराचा हेतु विचारतों. मनाजोगता कागद आला कीं आपण वाचतों आणि दुसऱ्यास दाखवावयास धांवतों. आतां तो कागद भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो एवढाच फरक, आणि त्याचें मूळ पाहावयास मिळण्याची सोयही बहुधा नसते.

या ओघांत एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आगरकरांनीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचें जें मराठी रूपांतर केलें तें 'विकारविलसित' १८८३ सालीं, म्हणजे सुटकेच्या पाठोपाठ, प्रसिद्ध झालें. त्या नाटकांतील राजपुत्रापुढें प्रश्न कोणता ? पिशाच्चानें सांगितलेली साक्ष खरी मानावी काय ? ती त्याच्या मनाजोगती आहे, चुलत्याविषयीं त्याचा संशय आधींचाच आहे. तरीही तो थांबतो. पिशाच्च कदाचित् फसवीतही असेल असें म्हणतो आणि नाटकमंडळीकडून खुनाचा देखावा करवून चुलत्याची मुद्रा पाहतो. दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधतो. राजपुत्राच्या वेडाचें, खऱ्या-खोट्या साक्षीचें हें नाटक आगरकरांनीं त्याच सुमारास हातीं घ्यावें, यांत हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चर्चामंडळानें तीं दोन्ही एकत्र वाचावीं.

दुसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पत्रें खोटीं ठरलीं. म्हणून महाराजांचे हाल होत होते हा आरोपही खोटा ठरला काय? न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतलें उत्तर 'नाहीं' असें आहे. धूर समजून जें दाखविलें तें धुकें निघालें, तर त्यावरून पर्वतावर अग्नि नाहीं असें ठरत नाहीं. आहे असें ठरत नाहीं एवढेंच. कोर्टापुढें प्रश्न बर्वे यांच्या अब्रूचा होता, महाराजांच्या प्रकृतीचा नव्हे. पण निकालानंतर त्या प्रकृतीविषयीं शंका काढण्याची उमेद साहजिकच ओसरली. बनावट कागद करणारानें सर्वांत मोठें नुकसान कोणाचें केलें असेल तर तें ज्यांच्या कैवारासाठीं कागद केले त्या महाराजांचें.

कारण पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. महाराजांस अहमदनगर येथें ठेवण्यांत आलें, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजीं, ग्रीन नांवाच्या गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें. डोंगरीचे दरवाजे उघडल्याला तेव्हां चौदा महिनेच झाले होते.

येथें चर्चेंतील बहुतेक मंडळी एकदम उसळून म्हणतील, 'पाहा, केसरीचेंच खरें होतें !' चालकानें त्यांस येथेंच थोपवावें. महाराज ज्यांच्या ताब्यांत होते त्यांच्या हातीं ते सुरक्षित नव्हते, एवढें या मृत्यूनें दाखविलें. बर्वे यांनीं कारस्थान केलें होतें हें त्यानें दाखविलें नाहीं. महाराज शहाणे होते हेंही त्यावरून सिद्ध होत नाहीं. भ्रमिष्ट मनुष्यासही मारपिटींत मरण येऊं नये असा त्याचा हक्क आहेच. तीन विधानें निराळीं आहेत, तीं एकाच दोरींत ओंवलीं कीं एकाच्या खरेपणानें दुसरींही खरीं वाटूं लागतात. हीं सोडवून वेगळीं करणें हाच त्या बैठकीचा मुख्य व्यायाम.

तिसरा प्रश्न आमच्या गांवीं विचारण्यास जरा धीर लागतो. या प्रकरणांतील मंडळींच्या जाती पुसून टाकल्या तर आपला निवाडा बदलेल काय ? आपल्याकडे इतिहासाची एक तयार चाकोरी पडलेली आहे. १८९९ पासून वेदोक्ताचा वाद पेटला, त्यांत टिळक हे शाहू छत्रपतींच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले, आणि तेव्हांपासून करवीरचा प्रत्येक प्रसंग ब्राह्मण व ब्राह्मणेतर या दोन रकान्यांत मांडण्याची रूढी पडली. हें प्रकरण त्या रकान्यांत बसत नाहीं. फिर्याद करणारे कारभारी ब्राह्मण. मराठा छत्रपतीसाठीं तुरुंगांत गेलेले संपादकही ब्राह्मण. आणि त्या संपादकांस दहा हजार रुपयांचा जामीन राहिले ते जोतिराव फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक रामशेट उरवणे. चाकोरींत न बसणारी अशी वस्तुस्थिति भेटली म्हणजे दोन गोष्टी करतां येतात : वस्तुस्थितीचे कोपरे तासावे किंवा चाकोरी थोडी रुंद करावी. कोणत्या घरांत काय होतें तें बैठकींत आपोआप दिसेल.

माफीविषयीं एकच विचारावें. कागद खोटे कळतांच संपादकांनीं तें कबूल केलें. त्यानें त्यांची विश्वासार्हता वाढली कीं कमी झाली? सुटकेच्या दिवशीं लोकांनीं त्यांचें थाटानें स्वागत केलें हें प्रसिद्ध आहे. तें स्वागत सोसलेल्या कैदेचें होतें. दिलेल्या कबुलीचें त्यांत किती होतें, याचा मंडळींनीं अंदाज करावा.

असले प्रश्न निरुपद्रवी असतात असें कोणी समजूं नये. ज्यांच्या पुस्तकाचें नांवच 'शिवाजी कोण होता ?' असा एक प्रश्न आहे त्या गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं याच कोल्हापुरांत, सकाळीं फिरून येतांना, गोळ्या झाडण्यांत आल्या आणि चार दिवसांनीं त्यांचें निधन झालें. तेव्हां चालकांस घरच्या वडीलधाऱ्यांनीं, 'कशाला या भानगडी ?' असें विचारलें तर त्यांत नवल नाहीं. त्यांनीं त्या वडिलांसही बैठकीस आणावें. या गोष्टींपैकीं पुष्कळशा त्यांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या असतात, आणि ऐकीव गोष्ट किती पिढ्यांनीं बदलते हा चौथा प्रश्न त्यांच्यावांचून सुटणारा नाहीं.