छाट : सिन्नरच्या विडीचा इतिहास

विडी विझते. सिगारेट पेटवून ॲशट्रेत ठेवली तर ती आपली आपण जळत राहते. तिचा कागद सच्छिद्र असतो, आणि जळत राहावा म्हणून त्यात क्षारही घातलेले असतात. तेंदूच्या पानाचं तसं नाही. झुरका थांबला की विस्तव निवतो, मग पुन्हा काडी ओढायची. आत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम, सिगारेटपेक्षा कितीतरी कमी. पण ती पेटती ठेवायची तर सारखी आणि जोर लावून ओढावी लागते, म्हणून छातीत जाणारं टार आणि निकोटिन मात्र कमी नसतं. विडी नीट ओढली जाणार की नाही, हे ती वळणाऱ्याच्या बोटांत आधीच ठरलेलं असतं. नाशिक जिल्ह्यात या बोटांचं गाव म्हणजे सिन्नर.

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर येतं. यादवकाळातलं गोंदेश्वराचं मंदिर पाहायला लोक तिथे जातात. तालुका कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही. शेतात काम नसेल तेव्हा घरात बसून चार पैसे मिळवून देणारा धंदा अशा गावात रुजला नसता तरच नवल. भिकुसा यमासा क्षत्रिय ही विडीची मोठी पेढी सिन्नरचीच.

पूर्वी विडीला आपट्याचं पानही चालायचं. तेंदूचं पान मऊ, लवचिक आणि टिकाऊ निघालं, त्याने बाकीच्यांना मागे टाकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने मध्य प्रांतातल्या जंगलांचा हा माल लांबवर पोचवला. पुढे स्वदेशीच्या आणि असहकाराच्या चळवळींत विलायती सिगारेट टाकून विडी हातात घेणं हा देशाभिमानाचा भाग झाला. पान गोंदिया-चांद्याकडचं, तंबाखू निपाणीची किंवा गुजरातेतल्या चरोतरची. सिन्नरने त्यात घातला तो हात.

काम पाहताना सोपं वाटतं. पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री चालवायची, जाड शीर टाळायची. मांडीवरच्या सुपात एकीकडे कापलेली पानं, एकीकडे तंबाखू. पानावर चिमूट पसरायची, अंगठा आणि तर्जनीत धरून एका दमात वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे देऊन तोडायचं. पान जास्त ओलं राहिलं तर वाळताना विडी सैल पडते, कोरडं असलं तर वळतानाच चिरतं. वळ घट्ट झाला तर हवा जात नाही, झुरका कोरडाच येतो. सैल झाला तर तंबाखू गळते आणि विस्तव एका अंगाने धावतो. सराईत बाई दिवसाला हजाराच्या आसपास विड्या वळते. त्या मोजून, पंचवीस-पंचवीसची जुडी बांधून कारखान्यात द्यायच्या. पुढे भट्टीचा शेक आणि मग लेबल.

धुराची ही कारागिरी जगात अलीकडे दुसऱ्या रूपात दिसली. २००३ च्या सुमारास चीनमध्ये आजची ई-सिगारेट आली आणि थोड्याच वर्षांत तिचे शौकीन घरी बसून धातूची बारीक तार गुंडाळून कॉइल बनवू लागले. किती वेढे, तारेची जाडी किती, मधला कापूस सैल की दाटलेला, हवेला वाट केवढी: वाफ दाट येणार की घशाला जळका चटका बसणार, ते यावर ठरतं. भारताने २०१९ मध्ये कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन आणि विक्री दोन्ही बंद केली. तार वळणारा शौकासाठी वळतो, त्याचं बिघडलं तर तो दुसरी वळतो. सिन्नरच्या बाईची विडी बिघडली तर तिची मजुरी जाते.

तिची मजुरी हजारी ठरते, आणि त्या हजारातून कारखान्यातला तपासनीस नापसंत विड्या बाजूला काढतो. ही छाट. पान कारखान्याचं, तंबाखू कारखान्याची. पान जून निघालं तरी दोष वळणारीचा. छाटलेल्या विड्या परतही मिळत नाहीत, ही विडी कामगारांची सगळीकडची जुनी तक्रार. मुंबई सरकारने १९५८ मध्ये विदर्भासाठी किमान वेतन ठरवताना छाटीच्या भांडणाचेही नियम घालून दिले. गोंदियाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने ते सर्वोच्च न्यायालयात नेले आणि १९६१ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले: किमान वेतन कायद्याखाली सरकारला दर ठरवता येतो, छाटीचा निवाडा नाही.

त्याच वर्षी आणखी एक निकाल लागला. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. भांडण होतं १९५७ मध्ये काम सोडलेल्या एका विडी कामगाराच्या चार दिवसांच्या भरपगारी रजेचं. तो कारखान्यात बसून वळायचा, पण यायची-जायची वेळ त्याची त्याने ठरवलेली, मजुरी हजारी. एवढ्यावर तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी ठरवलं की फॅक्टरी कायद्याच्या अर्थाने तो कामगारच नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. आज वाचताना त्यांचीच बाजू न्यायाची वाटते. वेळेची मोकळीक दिसत होती, पण पोट हजारी मजुरीला बांधलेलं होतं.

मग लढाई दुसऱ्या वाटेने सुरू झाली. संगमनेर-अकोला तालुका विडी कामगार युनियन आणि भिकुसा यमासा क्षत्रिय यांच्यातल्या खटल्यात १९६२ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की किमान वेतन जागेजागी वेगळं असू शकतं. १९६३ मध्ये त्याच पेढीने फॅक्टरी कायद्याच्या कलम ८५ ला आव्हान दिलं. रूढ अर्थाने नोकर नसलेल्यांनाही कामगार मानण्याची सोय या कलमात होती, आणि ते टिकलं. १९६६ मध्ये संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. घरी वळणाऱ्या बायका त्यात आल्या, छाटीच्या तक्रारीलाही जागा मिळाली. मालक पुन्हा कोर्टात गेले, पण १९७४ मध्ये कायदा वैध ठरला.

सगळ्यात मोठा पालट झाला १९८५ मध्ये. घरी वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू करू नये, कारण त्यांच्यावर आपलं नियंत्रण नाही, असं मालक म्हणत होते. पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं की विडी नापसंत करण्याचा हक्क तुमच्याकडे आहे, हेच नियंत्रण. ज्या छाटीने वर्षानुवर्षं मजुरी कापली, तीच नोकरीचा पुरावा ठरली.

निधी मिळाला, पण त्यासाठी नाव नोंदवहीत असावं लागतं, आणि कामाचा मोठा भाग ठेकेदारांच्या हातून घरोघर जात राहिला. ज्यांचं नाव लागलं, त्यांच्या हाती पडणारं निवृत्तिवेतनही तुटपुंजंच; देशभरात त्याची किमान रक्कम महिना हजार रुपये ठरली तीही २०१४ मध्ये.  सिन्नरच्या मुलींना आता विडीऐवजी माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींची वाट उघडली आहे.