लस घेतली तर किडनी जाईल का?

२०२१ च्या उन्हाळ्यात किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या अनेक घरांत एकच प्रश्न होता. लस घेतली आणि किडनी गेली तर?

भीती उगाच नव्हती. गोष्ट सुरू होते २३ डिसेंबर १९५४ ला, बोस्टनमध्ये. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा भाऊ रिचर्डला बसवली आणि ती चालली. कारण? दोघं जुळे होते, अगदी एकसारखे. रिचर्डच्या शरीराला ती परकी वाटलीच नाही. बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी शरीराची पहारेकरी यंत्रणाच सुस्त करणारी औषधं लागली. आधी अ‍ॅझाथायोप्रिन, मग १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सायक्लोस्पोरिन. तेही नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून आलेलं!

आता गंमत बघा. गंमत कसली, पंचाईत. लसीचं काम पहारेकऱ्याला जागं करायचं, गोळ्यांचं काम त्याला झोपवायचं. तो जागा झाला आणि व्हायरसऐवजी किडनीवरच धावला तर? याला म्हणतात रिजेक्शन. आणि लशींच्या मोठ्या चाचण्यांमध्ये अशा पेशंटना घेतलंच नव्हतं, मग उत्तर देणार कोण?

दुसरीकडे कोविड थांबत नव्हता. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलने २०२० मध्ये ३६ किडनी ट्रान्सप्लांट पेशंटची नोंद छापली. तीन आठवड्यांत त्यातले १० गेले.

मार्च २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी वेगवेगळे अवयव बसवलेले ४३६ जण तपासले. एमआरएनए लशीच्या पहिल्या डोसनंतर अँटिबॉडी दिसल्या फक्त ७६ जणांत. म्हणजे शंभरात १७! दोन डोसनंतर ६५८ जणांच्या गटात आकडा ५४ टक्क्यांवर गेला. पहारेकरी खवळेल ही भीती होती, इथे तर तो डोळेच उघडत नव्हता.

मग किडनीला काहीच झालं नाही का? तसंही नाही. लशीनंतर रिजेक्शन झाल्याच्या, लघवीतून रक्त किंवा प्रोटीन गेल्याच्या तुरळक केसेस डॉक्टरांनी छापल्या. पण रिजेक्शन लशीशिवायही होतं, त्यामुळे एकेका केसवरून लशीलाच दोषी धरणं अवघड. तुलूजच्या फ्रेंच डॉक्टरांनी १०१ ट्रान्सप्लांट पेशंटना तिसरा डोस दिला. अँटिबॉडी असलेल्यांचं प्रमाण ४० वरून ६८ टक्के झालं, आणि रिजेक्शन एकालाही नाही. १२ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेने अशा पेशंटसाठी तिसरा डोस मंजूर केला.

आणि आपल्याकडे? कोविशिल्ड बनत होती पुण्यातच. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस खुली झाली, त्या यादीत किडनी ट्रान्सप्लांट होतं. पण तिशीतला पेशंट? त्याला १ मेपर्यंत थांबावं लागलं, मग स्लॉटसाठी मोबाईलवर बोटं झिजवावी लागली. आणि तिसरा डोस? १० जानेवारी २०२२ ला 'प्रिकॉशन डोस' सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीपुढच्या आजारी लोकांसाठी. आपल्या त्या तिशीतल्या पेशंटचा नंबर लागला १० एप्रिलला. तोही खाजगी सेंटरवर, पैसे मोजून.