सेटवरची आग: आख्यायिका आणि नोंद

‘मदर इंडिया’च्या चित्रीकरणातली आग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. साल १९५७, गुजरातमधलं उमरा गाव. गवताच्या गंजी पेटवल्या, वाऱ्याची दिशा फिरली, नर्गिस ज्वाळांत अडकली आणि सुनील दत्तनं आत शिरून तिला बाहेर काढलं. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. गोष्ट इतकी गोड आहे, की एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. वारा फिरला तर काय करायचं, हे गंजी पेटवण्याआधी कोणी ठरवलं होतं का?

आज ज्याला आपण जोखमीचं मूल्यमापन म्हणतो, ते मुळात एवढंच आहे. इजा कशानं होईल, कोणाला होईल, ती टाळायला काय करायचं आणि ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कोणाचा, हे कॅमेरा सुरू होण्याआधी लिहून काढायचं.

आता जुलै १९८२ हा एकच महिना घेऊ. बंगळुरूला ‘कुली’च्या मारामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार बसला. देशभर लोकांनी नवस बोलले. पुढे पडद्यावर नेमकं तेच दृश्य क्षणभर थांबवून, इजा इथे झाली अशी ओळ दाखवली गेली. त्याच महिन्यात, २३ तारखेला पहाटे, कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’च्या सेटवर स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळलं. अभिनेता विक मॉरो आणि दोन लहान मुलं जागीच गेली. त्या मुलांना कायदा डावलून, परवान्याशिवाय रात्रीच्या कामावर आणलं होतं. दिग्दर्शकासह पाच जणांवर खटला चालला आणि १९८७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. पण त्या प्रकरणानंतर हॉलिवूडला सुरक्षेची लेखी पद्धत बसवावी लागली. निर्माते आणि कामगार संघटना यांच्या संयुक्त समितीची सुरक्षापत्रकं सेटवर वापरात आली.

आपल्याकडे काय झालं? ८ फेब्रुवारी १९८९, म्हैसूरचा प्रीमियर स्टुडिओ. ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेचं काम चालू होतं. भिंतींना गोणपाट, सैल वायरिंग, मोठमोठ्या दिव्यांची धग, हवा खेळायला जागा नाही, आग विझवायचं साधन नाही. त्या आगीत ६२ माणसं गेली. बघा, यातलं काहीही आभाळातून पडलेलं नव्हतं. कोणीतरी वही घेऊन एक फेरी मारली असती, तर हे सगळं डोळ्यांना दिसलं असतं. संजय खान भाजले आणि बचावले, त्यांच्या शस्त्रक्रियांची हकीकत लोक अजून सांगतात. त्या ६२ जणांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला आठवतं का?

अर्थात, कागद झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. जिवंत काडतूस सेटवर आणायचंच नाही, हे त्या समितीच्या पहिल्या क्रमांकाच्या पत्रकातच आहे. तरीही २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर खरी गोळी सुटली आणि छायालेखिका हलिना हचिन्स यांचा जीव गेला. त्याआधी २०२० मध्ये चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर क्रेन कोसळून तिघे गेले होते.

नायक वाचला की त्याची आख्यायिका होते. कामगार गेला की दोन दिवसांची बातमी. चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण ही सवय मोडायला हवी. अशी गोष्ट पुन्हा कानावर आली, की कोणी कोणाला वाचवलं हे तर विचारूच. पण बाहेर पडायची वाट कुठे होती, हेही विचारू.