कोशिएन: डाव मोजले, चेंडू राहिले

१९३३ च्या ऑगस्टमध्ये कोशिएनच्या मैदानावर चुक्यो आणि आकाशी या दोन जपानी शाळांचा बेसबॉल सामना २५ डाव चालला. एरवी सामना नऊ डावांचा. चुक्योच्या मासाओ योशिदाने एकट्याने ३३६ चेंडू टाकले आणि १-० असा विजय मिळवला. या पराक्रमाचं कौतुक जपानने पुढच्या पिढ्यांना सांगितलं. शाळकरी पोराच्या हाताला एवढं का सोसावं लागलं, हे विचारायला मात्र फार उशीर केला.

१९१५ पासूनच्या या शालेय उन्हाळी स्पर्धेत हरला तो घरी. शाळेकडे भरवशाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बहुधा एकच, म्हणून तोच रोज उतरायचा. प्रत्येक फेकीत कोपराच्या आतल्या बाजूवर जबर ताण येतो. स्नायू ताजे असतात तोवर बराचसा ताण तेच पेलतात. ते थकले की भार अस्थिबंधांवर आणि वाढत्या हाडांवर पडतो.

१९५८ मध्ये तोकुशिमाच्या एइजी बांदोने एका प्रादेशिक स्पर्धेत लागोपाठ दोन दिवस १६ आणि २५ डाव टाकले. मग नियम झाला: १८ डावांत निकाल लागला नाही, तर सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच उन्हाळ्यात तो पहिल्यांदा लागू झाला, तोही बांदोच्याच सामन्याला. दुसऱ्या दिवशी चेंडू टाकायला पुन्हा बांदोच!

१९९१ चं उदाहरण सगळ्यांत जिव्हारी लागणारं. ओकिनावाच्या संघाने तोवर उन्हाळी विजेतेपद कधी मिळवलं नव्हतं. ओकिनावा सुइसान शाळेचा पिचर रिन ओनो दुखऱ्या कोपरानिशी सहा सामन्यांत ७७३ चेंडू टाकत राहिला. अंतिम सामना संघ हरला. समारोपाच्या संचलनात ओनोचा उजवा हात वाकलेलाच होता, सरळ होईना. नंतर कळलं, कोपराचं हाड मोडलंय. तो व्यावसायिक खेळाडू झाला, पण पिचर म्हणून नाही. १९९३ पासून स्पर्धेआधी पिचरांचे खांदे-कोपर डॉक्टर तपासू लागले.

तरी १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाकाने १७ डावांत २५० चेंडू टाकलेच. त्यानंतर मर्यादा १८ वरून १५ डावांवर आली. पुन्हा डावच मोजले!

२०१९ मध्ये इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकाने पिचर रोकी सासाकीला खेळवलंच नाही. आदल्या दिवशी त्याने १२९ चेंडू टाकले होते. संघ हरला, शाळेत संतप्त फोन आले. त्या माणसाचं धैर्य मोठं, कारण तेव्हा त्याच्या पाठीशी कुठलाही नियम नव्हता. २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली, पण दिवसाची नाही. अमेरिकेच्या लिटल लीगने २००७ मध्येच डाव सोडून चेंडू मोजायला घेतले. तेव्हा तिथे १७-१८ वर्षांच्या मुलाला दिवसाला १०५ चेंडूंची मुभा होती. कोशिएनवर मात्र कुणी एकाच दिवशी २५० टाकले, तरी नियम मोडत नाही.