पांढऱ्या चादरीवरचा काळा डाग : शिरमाकर टेकड्या आणि ध्रुवीय चित्रांचं वाचन

सोलापुरात बसून अंटार्क्टिकाविषयी बोलायचं म्हणजे थोडा विनोदच आहे. बाहेर पत्रे तापलेत आणि आपण बर्फाच्या गोष्टी करतोय. पण काळा दगड उन्हात किती तापतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आणि आजच्या गोष्टीचा अर्धा उलगडा त्यातच आहे. म्हणून या विषयाला सोलापूरकर मंडळी जास्त लायक आहेत, असं आमचं मत आहे.

आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर कधी ना कधी अंटार्क्टिकाचं उपग्रहचित्र येऊन गेलेलं असतं. बर्फातला पिरॅमिड, बर्फातला दरवाजा, बर्फातलं भोक. पिरॅमिडचं लवकर आटपू. एल्सवर्थ पर्वतरांगेतलं ते एक शिखर आहे, उंची साधारण १,२६५ मीटर. खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, दगड फोडतं. हे सगळ्या बाजूंनी लाखो वर्षं चाललं की शिखराला धार येते. स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्न असंच घडलं. आपला नाणेघाटाचा नानाचा अंगठा खालून बघितला की हुबेहूब अंगठाच दिसतो, म्हणून तो कुणी घडवला असं आपण म्हणत नाही. अंटार्क्टिकात मात्र म्हणतो, कारण तिथे जाऊन बघितलेला माणूस आपल्या ओळखीत नसतो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. साल १९३८. याच वर्षी आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हॅम्बुर्ग बंदरातून ‘श्वाबेनलँड’ नावाचं जहाज दक्षिणेकडे निघालं. मोहिमेचे प्रमुख होते आल्फ्रेड रिट्शर. हेतू अगदी व्यवहारी होता : देवमाशाचं तेल. जर्मनीत मार्गरिनसाठी ते लागायचं आणि त्यासाठी परकीय चलन मोजावं लागायचं. तेव्हा अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आपलाही हक्क सांगावा, असा बेत होता.

जहाजावर ‘बोरेआस’ आणि ‘पासाट’ नावाची दोन डॉर्नियर विमानं होती. पाण्यावर उतरणारी, जहाजावरून गलोलीतून दगड सुटावा तशी ती उडवत. जानेवारी १९३९ च्या उत्तरार्धापासून तीनेक आठवडे त्यांनी किनाऱ्यावरून आत फेऱ्या मारल्या आणि हजारो छायाचित्रं घेतली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रिचर्डहाइनरिश शिरमाकर हा वैमानिक उडत असताना त्या अफाट पांढऱ्यात खाली एक काळपट पट्टा दिसला. उघडा खडक, आणि त्यात निळी तळी. पाणी! भोवती शेकडो किलोमीटर बर्फ आणि मध्ये हे. पट्ट्याला पुढे शिरमाकरचंच नाव मिळालं आणि त्याला ‘ओअॅसिस’ म्हणू लागले. ओअॅसिस म्हटलं की आपल्याला खजुराची झाडं आठवतात. इथे शेवाळ आणि दगडफूल यापलीकडे काही नाही, तो भाग वेगळा.

तिथे त्या मोहिमेतलं कुणी उतरलं नाही. सगळं वरून, आणि तेही जमिनीवरचा एकही बिंदू मोजलेला नसताना. मोजणीचं काम बघितलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. शेताची मोजणी करताना आधी पक्का दगड लागतो, तिथून पुढची हद्द. असा दगडच नसेल तर चित्र कितीही स्वच्छ असो, त्यातली टेकडी नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही. विमानाचा वेग, दिशा आणि वारा यांच्या अंदाजावर केलेले ते नकाशे जागोजागी चुकले. त्यात युद्ध आलं आणि बरीचशी छायाचित्रंही नष्ट झाली.

मोहीम जर्मनांची, साल १९३९, बर्फात न गोठलेलं पाणी, आणि पुरावे गायब. दंतकथेला आणखी काय हवं? १९४५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन जर्मन पाणबुड्या अर्जेंटिनात शरण आल्या, तेव्हा हिटलरच पळून दक्षिणेला गेल्याच्या वावड्या उठल्या. १९४६-४७ मध्ये अमेरिकेने मोठी नौदल मोहीम अंटार्क्टिकाला नेली. झालं! गरम पाण्याची तळी, त्याखाली गुहा, गुहेत नाझींचा तळ, आणि अमेरिका त्यावर चालून गेली, अशी साखळी जुळली. ती आजही व्हिडिओंतून फिरते. कॉलिन समरहेज आणि पीटर बीचिंग यांनी २००७ मध्ये या कथेतला एकेक दुवा तपासला. श्वाबेनलँड त्या किनाऱ्याजवळ महिनाभरसुद्धा नव्हतं. एवढ्या वेळात तळ सोडा, एक खोली बांधून होत नाही.

गंमत म्हणजे त्याच अमेरिकी मोहिमेत डेव्हिड बंजर नावाच्या वैमानिकाला असंच एक ओअॅसिस दिसलं, खंडाच्या दुसऱ्या भागात. त्याने थेट तिथल्या पाण्यावर विमान उतरवलं. पाणी निघालं खारट, कारण तो समुद्राचाच आत शिरलेला फाटा होता. वर्तमानपत्रांनी व्हायचा तो गाजावाजा केलाच, पण बाटलीभर पाण्याने जे कळलं ते शंभर छायाचित्रांतून कळलं नसतं.

शिरमाकरच्या तळ्यांचं गूढ काय होतं? बर्फ आणि ताजं हिम सूर्यप्रकाश बहुतेक सगळा परत फेकतं. काळपट खडक तो पितो. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही, म्हणजे खडक दिवसरात्र तापतोय. दक्षिणेकडून येणारा बर्फाचा लोट टेकड्यांना अडतो आणि वळसा घालून जातो. हिम कमी पडतं, पडलेलं वारा उडवून नेतो. म्हणून उन्हाळ्यात कडेचा बर्फ वितळून तळी भरतात आणि हिवाळ्यात गोठतात. खाली भट्टी नाही, वर ऊन आहे. सोलापूरच्या गच्चीवर अनवाणी गेलेल्या कुणालाही हे पटेल.

हे ठरवलं कुणी? तिथे जाऊन राहिलेल्यांनी. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने तिथे नोवोलाझारेव्स्काया हे केंद्र उघडलं. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस तिथले डॉक्टर लिओनीद रोगोझोव्ह यांना अपेंडिक्स झालं आणि दुसरा डॉक्टरच नसल्याने त्यांनी स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं. ज्या जागी गुप्त तळ असल्याचं लोक सांगत होते, तिथे प्रत्यक्षात एवढा एकटेपणा होता.

मग उपग्रह आले. आता सगळं उघड दिसेल असं वाटलं, पण वाचायची सवय तीच राहिली. २३ नोव्हेंबर १९६८ चं ‘एस्सा-७’ या हवामान उपग्रहाचं चित्र बघा. उत्तर ध्रुवावर मोठं काळं भोक दिसतं. अमेरिकेतल्या एका मासिकाने ते छापलं आणि पृथ्वी पोकळ असल्याचा पुरावा म्हणून मिरवलं. प्रत्यक्षात ते दिवसभराचे तुकडे जोडून केलेलं चित्र होतं, आणि नोव्हेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही. उजेड नाही, म्हणून काळं.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग चित्रात विचित्र दिसलं की सरळ सोडून द्यावं. नाही. त्याची किंमत फार मोठी आहे. १९८५ च्या मे महिन्यात जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंतात झपाट्याने घटत असल्याचं जाहीर केलं. त्यांचा आधार हॅली बे केंद्रावर जमिनीवरून वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं. ‘निंबस-७’ उपग्रह तेव्हा वरून फिरत होताच आणि त्याने हे कमी आकडे टिपलेही होते. पण १८० एककांच्या खालचा आकडा आला की तो संशयास्पद म्हणून बाजूला काढायचा, अशी संगणकाला सूचना होती. नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा भोक खंडाएवढं निघालं. एका भोकावर भोळेपणाने विश्वास ठेवला गेला, दुसऱ्याची नोंद शहाणपणाने बाजूला पडली. आम्हाला विचाराल तर दुसरी चूक जास्त महाग होती. दोन्हीकडे निवाडा जमिनीवरूनच झाला. त्याच १९८५ मध्ये पूर्व जर्मनीच्या केंद्रावरून फुगे सोडून ओझोन कोणत्या उंचीवर घटतो ते मोजायला सुरुवात झाली. ते केंद्र कुठे होतं? याच शिरमाकर टेकड्यांत.

आणि आपण? पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला पोहोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. सेनगुप्तांनी शिरमाकरचे खडक अभ्यासले, त्यांच्या घड्या वाचल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकांनी पुढे वर्षानुवर्षं त्या टेकड्या पायांखाली घातल्या. १९८९ मध्ये आपलं ‘मैत्री’ केंद्र तिथेच उभं राहिलं, आणि त्याला पाणी मिळतं ते शेजारच्या प्रियदर्शिनी तलावातून. हे दंतकथेतल्याच ‘गरम’ तळ्यांपैकी एक.

मैत्रीच्या आधीचं आपलं केंद्र, १९८३-८४ मध्ये बांधलेलं ‘दक्षिण गंगोत्री’, मात्र खडकावर नव्हतं. ते तरंगत्या हिमफलकावर होतं. तिथे माणसं अख्खा हिवाळा राहिली. तिथे भारतीय टपाल कार्यालय होतं, गोव्याच्या अखत्यारीत. दरवर्षी हिम साचत गेलं, केंद्र खाली खाली गेलं, आणि १९९० मध्ये ते बंद केलं. आज घरी गेल्यावर उपग्रहचित्रात ती जागा शोधून बघा. दक्षिणेला शिरमाकरचा काळा पट्टा लगेच सापडेल. दक्षिण गंगोत्रीच्या जागी नुसतं पांढरं दिसेल.