रोज वाढवला, तरी माणसं का जातात?

मागच्या ऑक्टोबरात दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत गेलो होतो. छाटणी ऐन भरात, आणि मामा वैतागलेले. "पन्नास रुपये रोज वाढवला, तर चार दिवस आली अन् पाचव्या दिवशी गायब! यांना जास्त दिलं की कमी काम करतात बघ."

हे वाक्य मामांचं नाही. मुंबईचे गिरणीमालकही अगदी हेच म्हणायचे : हातात पैसा आला की कामगार दांड्या मारतो, गावाला पळतो.

म्हणून १८९७ ची गोष्ट सांगतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण सापडले. पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली. गिरण्यांना कामगार मिळेनात. एरवी पगार महिन्याचा, तोही उशिरा. मध्येच काम सोडलं तर अडकलेले पैसे बुडायची भीती. म्हणजे कामगाराला बांधून ठेवायची दोरीच ती!

प्लेगमध्ये ही दोरी तुटली. मालक नाक्यानाक्यावर एकमेकांवर बोली लावून माणसं पळवू लागले. जास्त मजुरी, आणि मुख्य म्हणजे रोजच्या रोज रोख. मग शहरात उरलेला कामगार घरी लोळत पडला का? छे! जिथे संध्याकाळी पैसे हातात, तिथे तो गेला. जीव मुठीत धरून, पण गेला. साथ ओसरल्यावर मालकांनी महिन्याचा पगार परत आणला. दोरीची किंमत त्यांना पक्की ठाऊक होती.

अर्थतज्ज्ञांनीही हे तपासलंय. फेर आणि गोटे यांनी झुरिचमधल्या सायकल-कुरिअरवाल्यांचं कमिशन चार आठवड्यांपुरतं साधारण २५ टक्क्यांनी वाढवून पाहिलं (निबंध २००७ चा). दर शिफ्टमधली मेहनत जरा कमी झाली, पण पोरांनी शिफ्टच इतक्या जास्त घेतल्या की एकूण काम वाढलं. वाढ थोडे दिवसांचीच आहे हे माहीत असलं, की माणूस तेवढ्यात कमावून घेतो. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्यांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. त्यांचा हंगामच मुळी थोड्या आठवड्यांचा.

असो. मी मामांना विचारलं, "ती माणसं गेली कुठे?"

"शेजारच्या बागेत."

"तिथे रोज जास्त आहे?"

"नाही रे, आपल्यापेक्षा कमीच. पण तो रोज संध्याकाळी रोख देतो."

"आणि तुम्ही?"

"सगळी बाग उरकली की."

मग मामाच जरा गप्प झाले.