सायलेंट डेटा करप्शन म्हणजे काय? होस्टिंगवरच्या फाईल्स कशा सुरक्षित ठेवायच्या?

समजा, दोन वर्षांपूर्वी तुमच्या वेबसाईटवर टाकलेला फोटो आज उघडला आणि त्याचा खालचा अर्धा भाग राखाडी दिसला. साईट हॅक झालेली नाही, सर्व्हरने एररही दाखवलेला नाही. फाईलचं नाव, साईज, तारीख सगळं तसंच आहे. बदलला तो फक्त आतला डेटा. यालाच सायलेंट डेटा करप्शन म्हणतात. डिस्कवर पडून राहिलेला डेटा असा बिघडला तर त्याला ‘बिट रॉट’ असंही नाव आहे.

हे का होतं?

फाईल म्हणजे शेवटी ० आणि १ ची लांबलचक रांग. डिस्कच्या फर्मवेअरमधली चूक, खराब केबल किंवा कंट्रोलर, ईसीसी नसलेली रॅम, यांपैकी कशामुळेही त्या रांगेत बदल होऊ शकतो. डिस्क बऱ्याच चुका स्वतः पकडते, पण सगळ्या नाही.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्क ४१ महिने तपासल्या गेल्या. त्यात डेटा आणि त्याचा चेकसम न जुळण्याच्या ४ लाखांहून जास्त घटना सापडल्या. म्हणजे एका साईटसाठी ही गोष्ट दुर्मीळ, पण मोठ्या डेटा सेंटरसाठी नाही.

बॅकअप आहे, मग काळजी कशाला?

इथेच खरी गंमत आहे. बॅकअप फाईलची कॉपी करतो, ती बरोबर आहे का हे बघत नाही. होस्टिंगवर फक्त ७ दिवसांचे बॅकअप राहत असतील आणि बिघाड तुम्हाला महिन्याने कळला, तर सातही कॉपी खराबच निघतील. साधं रेडही इथे पुरत नाही. एक डिस्क बंद पडली तर ते वाचवतं, पण दोन डिस्कवर वेगवेगळा डेटा दिसला तर खरा कोणता, हे त्याला सांगता येत नाही.

उपाय : चेकसम

चेकसम म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने कोणत्याही फाईलचा ६४ अक्षरांचा कोड निघतो. फाईलमधला एक बिट जरी बदलला, तरी कोड पूर्ण वेगळा येतो.

काय करायचं?

१. फोटो आणि पीडीएफ असलेल्या अपलोड्स फोल्डरच्या चेकसमची यादी बनवा. सर्व्हरला एसएसएचने जोडून हे करता येतं. फोनवर टर्मक्स ॲप वापरता येईल. यादी सर्व्हरवर नाही, दुसरीकडे ठेवा.

२. दर महिन्याला यादी पुन्हा काढून जुळवा. तारीख बदलली असेल तर बहुतेक कुणीतरी फाईल एडिट केली आहे. तारीख तीच पण कोड वेगळा असेल, तर संशय घ्या आणि जुन्या बॅकअपमधून ती फाईल परत आणा.

३. वर्डप्रेस असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय टूलमध्ये मूळ फाईल्सचे चेकसम तपासण्याची सोय आहे. पण तुमचे अपलोड केलेले फोटो त्यात तपासले जात नाहीत.

४. रोजच्या बॅकअपसोबत दर महिन्याची एक कॉपी वेगळी ठेवा, निदान सहा महिने. ३-२-१ नियम लक्षात ठेवा : ३ कॉपी, २ प्रकारच्या स्टोरेजवर, १ दुसऱ्या ठिकाणी.

५. अधूनमधून बॅकअप रिस्टोर करून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

होस्टिंग कंपनीला काय विचारायचं?

सर्व्हरला ईसीसी रॅम आहे का? फाईल सिस्टीम झेडएफएस किंवा बीटीआरएफएस आहे का? या दोन्ही डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतात आणि दुसरी चांगली कॉपी असेल तर बिघाड स्वतः दुरुस्त करतात. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी-४ तुमच्या फाईलमधल्या डेटाचा चेकसम ठेवत नाही. ‘स्क्रब’, म्हणजे सगळ्या डेटाची तपासणी, किती दिवसांनी होते हेही विचारा.

हे सगळं आजच जमलं नाही तरी पहिली यादी आज बनवा. आज फाईल्स चांगल्या असतील, तर पुढे तुलना करायला तोच पुरावा हाताशी राहील.